वेदगंगेची मरळ आणि माझी गारठलेली बोटं

"पौषात मरळीला बसू. या खेपेला सबब चालणार नाही." सासऱ्यांचं एवढंच पत्र आलं आणि थंडी पडायच्या आधीच मी नवा आजार शोधायला बसलो.

कारण सांगतो. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. ते आज हयात नाहीत, म्हणून सगळं खरं लिहायला हरकत नाही. लग्नाच्या बैठकीत त्यांना गळानं मरळीसारखे मासे धरायचा नाद आहे हे कळताच माझे काका बोलून गेले, "आमचा मुलगाही गळ टाकण्यात पटाईत आहे." मी बेळगावात घड्याळं दुरुस्त करणारा. मासा फक्त ताटात पाहिलेला. पण मामा असे खूश झाले की लग्न तिथंच ठरलं, आणि पुढची दोन वर्षं मी दर थंडीत न चुकता आजारी पडत राहिलो. आता नवे आजार सुचत नव्हते. शिवाय बायको दिवाळीपासून माहेरी होती, तिला आणायलाही जायचं होतं. थाप उघडी पडली तर दोघांच्याही नजरेतून उतरणार, ही धास्ती घेऊन मी निघालो.

तयारी मात्र जय्यत केली. माझी बोटं थंडीत लाकडासारखी होतात, म्हणून कॅम्पातल्या जुन्या बाजारातून कुणा गोऱ्या शिपायाचे लोकरी हातमोजे घेतले. शिपाई धिप्पाड असावा. माझी बोटं संपली तरी मोज्याची बोटं पुढं लोंबत राहायची.

ते लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसल्यामुळे सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि मागच्या बाजूला एक उंच लोखंडी भट्टी वागवत. चढावर उतारू उतरून ढकलत. काकतीच्या पुढं आम्ही दोनदा ढकलली, म्हणजे भाडं देऊन वर हमालीही केली. पण प्रत्येक थांब्याला मी धावत मागं जाऊन भट्टीवर हात धरायचो. संकेश्वरला क्लीनरनं हटकलं.

"सरा मागं, मास्तर. हाताची भजी व्हतील."

भजी म्हटल्यावर आठवण झाली. समोरच्या हॉटेलात गरम भजी मिळाली. बोटं शेकावीत म्हणून पुडी इतका वेळ मुठीत धरून बसलो की खायच्या वेळी ती गार होती. तुम्ही त्या बाजूला गेलात तर आधी खा. निपाणीपासून पुढं बैलगाडी, दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं आणि तिन्हीसांजेला वेदगंगेच्या काठचं गाव.

सकाळी फटफटायच्या सुमाराला मामा अंगणात तयार होते, अंगावर घोंगडी आणि हात घोंगडीत. मला म्हणाले, "खोपीतनं काठ्या घ्या, जावईबापू."

खोपीत कापून वाळवलेली तंबाखू रचून ठेवली होती. काठी ओढताना हात ढिगात गेला आणि मी तिथंच थबकलो. रचलेली तंबाखू आतून तापते हे मला काय ठाऊक? चुलीपाशी बसल्यासारखी ऊब होती. मोजे खिशात कोंबले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ढिगात घालून मी बराच वेळ उभा राहिलो. आपण फार हुशार आहोत असंही तेव्हा वाटलं.

नदीवर धुकं होतं. मामा काठावर टेकले आणि म्हणाले, "गळ तुमीच बांधा. तुमचा हात बघू."

परीक्षा सुरू झाली. मी दोरीला जमेल तशी गाठ मारली आणि डब्यातून गांडूळ काढलं. ते माझ्या बोटांत येताच मलूल पडलं. दुसरं काढलं, त्याचीही तीच गत. बिचाऱ्यांना थंडी बाधली असावी असं मी धरून चाललो. गळ पाण्यात पडला. ऊन वर आलं तरी माशानं ढुंकून पाहिलं नाही. मामा मधून मधून "आता दुसरं लावा की," म्हणत आणि हात काही बाहेर काढत नसत. ते माझी मजा बघताहेत याबद्दल मला शंका उरली नव्हती.

शेवटी ते जवळ सरकले आणि माझे हात हुंगले.

"ह्यो तंबाखूचा वास कुठनं?"

मी ढिगाचं सांगितलं. मामा इतके हसले की पलीकडच्या काठावरचे बगळे उठले. "अवो, तंबाखूच्या हातानं गांडूळ मरतंय. मासा त्वांड तरी लावंल काय? गळ टाकणाऱ्याला ह्ये ठावं असतंय की."

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी म्हणालो, "मामा, मला गळ टाकता येत नाही. कधीच येत नव्हता. काकांनी थाप मारली आणि मी गप्प बसलो."

मामांचं हसणं थांबलं. आता ते उठून चालायला लागणार असं मला वाटलं. त्यांनी घोंगडीतून हात बाहेर काढले. सगळी पेरं सुजलेली, बोटं वाकडी.

"गेल्या थंडीपास्नं मिटत न्हाईत. घरात कुणाला बोललो न्हाय. बोललो तर पोरं नदीवर यिऊ देणार न्हाईत. तुमी येतासा म्हटल्यावर वाटलं, गळ बांधणारा माणूस गावला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं मी स्वतःची अब्रू सांभाळत बसलो होतो आणि इकडे हा माणूस माझी वाट बघत होता.

मग त्यांनी मला वाळूनं हात घासायला लावले. पाणी असं होतं की तंबाखूबरोबर बोटंही वाहून गेली असं वाटलं. "आता हात काखंत घाला, उघड्या अंगाला लागू द्या," मामा म्हणाले. बेळगावपासूनच्या सगळ्या उपायांत हा एकच खरा निघाला, आणि तो फुकट होता. बोटं हलायला लागल्यावर ते सांगत गेले तसं मी करत गेलो. दोरी नेढ्यातून ओवा, देठाला पाच वेढे द्या, टोक मागं घाला, थुंकी लावून ओढा. घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगा हाताळणाऱ्याला हे जड नव्हतं. दुसऱ्यांदा गाठ बसली तेव्हा मामा नुसते "व्हय" म्हणाले.

दुपारच्या आत हातभर लांबीची एक मरळ लागली. काठी मामांनी दोन्ही मनगटांत आवळून धरली होती, दोरी मी ओढली.

घरी आल्यावर त्यांनी अंगणातूनच हाक दिली, "जावईबापूंनी धरली बगा." बायको माझ्याकडे अशा कौतुकानं बघत होती की खरं सांगायला तोंड उघडेना. सांगितलं असतं तर मामांचंही सांगावं लागलं असतं. कालवणाचा रस्सा मी दोनदा घेतला.

परत बेळगावात आलो तेव्हा थाप होती तशीच होती, उलट आता तिला साक्षीदार मिळाला होता. त्या हिवाळ्यापासून मी दर महिन्याला एका संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी डझनभर गळ दोरीला बांधायचो आणि पुडी करून निपाणीच्या मोटारीनं पाठवायचो.

एकदा बायकोनं विचारलं, "बाबांना स्वतःला बांधता येतात की. तुम्ही कशाला पाठवता?"

"मला हौस आहे," मी म्हणालो. आणि या सगळ्या प्रकरणात मी तिला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती.