हंगामी, पण बिनघोर

सरकारने घाबरायची एवढी चोख व्यवस्था केलेली असताना जो माणूस घाबरत नाही, त्याच्यावर माझा बिलकुल भरवसा नाही. आणि त्या काळात अख्ख्या परभणी जिल्ह्यातले न घाबरणारे एकमेव हंगामी मास्तर नेमके माझ्याच खोलीत राहायला होते! पोखर्णीच्या अलीकडच्या एका खेड्यात आम्ही दोघेही हंगामी, आणि कायमची जागा एकच. ती कुणाला मिळते या काळजीने मी रात्र रात्र जागा. माझे सोबती मात्र रोज पहाटे पाठ ताठ करून डोळे मिटायचे आणि स्वतःचा श्वास बघत बसायचे. त्यात बघण्यासारखं काय असतं ते देव जाणे. पण छप्पन साली त्यांच्या घराने देवांना रजा दिलेली, त्यामुळे तीही सोय नव्हती. स्टोव्ह भडकला की मी बोंब मारायचो. ते आधी एक श्वास बघायचे, मग ओलं पोतं टाकायचे. हेडमास्तर खेकसले की हे नुसते उभे. खेकसणारा बिचारा एकटाच दमायचा.

“तुमी करता काय हो तेव्हा?” मी विचारलं.

“राग कुठवर पोचायलाय ते बघतो. कानाच्या पाळ्या लय तापतात, गुरुजी.”

कानाच्या पाळ्या बघून कुणाची नोकरी टिकलीय? सरकारी खात्यात निश्चिंती येते ती वशिल्यानेच, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी पाळत ठेवली. बाजारच्या दिवशी मागोमाग गेलो, तर हे भेटले एका म्हाताऱ्या भंतेजींना, ज्यांनी त्यांना हे बसणं शिकवलं होतं. भंतेजींचं शिक्षण खात्यात कितपत चालतं, याचीही मी गुपचूप चौकशी केली. शेवटी चहा पाजून थेट विचारलं, “खरं सांगा, वर कोण हाय तुमचं?”

त्यांनी छताकडे पाहिलं. “पत्रे हायेत. गळायलेत.”

पक्का माणूस! वशिला सांगत नाही तर निदान विद्या उचलावी, म्हणून तपासणीच्या सकाळी वर्गाला पाढे लिहायला लावून मी खुर्चीत श्वास बघू लागलो. आला, गेला, आला… त्यापुढचे श्वास, म्हणे, शेजारच्या वर्गातही ऐकू गेले. डोळे उघडले तर समोर साहेब. “असू द्या, गुरुजी दमलेत,” ते म्हणाले आणि वर्ग खदखदला. तेवढ्यात सोबती धावत आले.

“मीच शिकवलंय त्यांना, साहेब. शिकवणं कच्चं राहिलं.”

यात काय डाव असावा, याचा मी आठवडाभर विचार केला.

मग हुकूम आला. मी आधी रुजू झालेलो, म्हणून घोरूनही मी कायम. त्यांना कमी केलं. मी त्यांची ट्रंक उचलून एस.टी.पर्यंत गेलो. आता तरी हा माणूस खिशातून एखादं बडं नाव काढील, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.

“वाईट न्हाई वाटायलं?”

“वाटायलंय ना. छातीवर जातं ठेवल्यावानी. मायला काय सांगू, तेच सुचंना.” त्यांनी तिकिटाचे पैसे पुन्हा एकदा मोजले. “पण ते बी आपलंच हाय, गुरुजी. त्याला टाकून कुठं पळावं?”

त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. मी ट्रंकेची कडी बसवत राहिलो. गाडी गेली, धुरळा बसला. नवा पत्ता तेवढा मागून घ्यायचा राहिला.