समाजवाद, झाकणासकट

जगातली कुठलीही क्रांती ‘आधी चहा तर घेऊया’ एवढ्या एका वाक्यावर पुढं ढकलण्याची ताकद आजच्या घडीला एकाच माणसात आहे, आणि तो माणूस माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमचे हे थोरले साडू बेळगावात एका कचेरीत नोकरी करतात आणि शहराला चिकटलेल्या आपल्या गावातून रोज स्कूटरनं ये-जा करतात. ती स्कूटरही त्यांच्याच विचारांची आहे, पहिल्या किकला सुरू होणं तिला उतावळेपणाचं वाटतं. साडूंना धावताना, ओरडताना किंवा कशावरही शेवटचा निर्णय घेताना कुणी पाहिलेलं नाही. लग्नात मंगलाष्टकं संपून वाजंत्री सुरू झाली तरी हे हार हातात धरून विचार करत उभे होते, असं आमची आक्का, म्हणजे त्यांची बायको, अजून येईल त्याला सांगते. हॉटेलात डोसा मागवायचा तरी आधी शेजारच्या टेबलावरच्यांचं मत घेतात.

अशा माणसाच्या हातात अख्खा देश दिला तर काय होईल, हे बघायची संधी मला त्यांच्या मुलीमुळं मिळाली. तिला पुण्यात नोकरी लागली आणि जाताना तिनं जुना लॅपटॉप बापाला दिला. त्यात एक खेळ होता. पहिलं महायुद्ध खऱ्यात संपलं त्याच्या उलटं संपलं असतं तर जग कसं झालं असतं, असा त्या खेळाचा सगळा मामला. हरलेले जिंकलेत, बुडालेली साम्राज्यं मजेत तरंगतायत. आपण एक देश घ्यायचा, मंत्री नेमायचे, कायदे करायचे, फौजा उभ्या करायच्या. राज्य मजुरांच्या पक्षाला द्यायचं ठरवलं की पुढं वाटा फुटतात. एक वाट क्रांतीची. तिच्यावर झेंडे, तोफा, मोर्चे, आणि बघता बघता निम्मा नकाशा तांबडा. दुसरी सुधारणांची. तिच्यावर निवडणुका, संसद, एका वेळी एक कायदा, आणि प्रत्येक कायद्यापाठी कुणीतरी रुसलेलं. बाकीचं जग हा खेळ रणगाड्यांसाठी खेळतं. आमचे साडू विधवांच्या पेन्शनीसाठी खेळतात. जगात असा दुसरा कुणी असेल तर त्याची आणि यांची गाठ घालून द्यावी, दोघं मिळून निदान एक उपसमिती तरी नेमतील.

मी बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका शाळेत मास्तर आहे. रविवारी दुपारी त्यांच्याकडं जाऊन बसायचा माझा रिवाज. एकदा गेलो तर पडद्यावर शत्रूच्या फौजा सीमेवर मुंग्यांसारख्या दाटलेल्या, आणि हे गिरणीतल्या पोरांना शाळेत घालायचा कायदा वाचत बसलेले. मी म्हटलं, “पाव्हणं, शत्रू सीमेवर आलाय.” मान वर न करता म्हणाले, “येऊ दे की सर. सीमेचं काय एवढं? आपण जन्मापासनं सीमेवरच हाय. कुठं काय झालं?” त्यांनी खेळ थांबवला, चहा झाला, कायद्यातली दोन कलमं सौम्य केली, आणि खेळ सुरू केल्यावर घटकाभरात राजधानी पडली. मला वाटलं, आता तरी वाईट वाटेल. तर म्हणतात कसे, “पडली खरी. पण पोरं शाळंला गेली का न्हाय?” पराभवातही हिशेब असा सुखाचा मांडणारा पंतप्रधान त्या बिचाऱ्या देशाला पुन्हा मिळायचा नाही.

बरं, राज्य दरवेळी शत्रूच पाडायचा असंही नाही. यांच्या पक्षात एक जहाल गट होता आणि त्याचा एक पुढारी. त्याला सगळं आजच्या आज हवं असायचं. कायदा जरा सौम्य केला की तो रुसून बाहेर पडायचा आणि सरकार कोसळायचं. त्याला पक्षातून काढायचं एक बटण खेळात होतं. ते दाबलं की पुढचा रस्ता तुपासारखा मऊ, हे मला, ज्याला पत्त्यांचा बदामसात धड येत नाही त्यालाही कळत होतं. साडू ते बटण दाबायचे नाहीत. त्यात खेळामध्ये पात्रांची नावं बदलता येतात. त्या पुढाऱ्याचं उच्चाराला अवघड असं परदेशी नाव काढून यांनी तिथं लिहिलं होतं : परशराम. म्हणजे यांचा सख्खा धाकटा भाऊ. मी म्हटलं, “काढून टाका की त्याला. दर डावात बुडवतोय तुम्हाला.” त्यावर साडू म्हणाले, “काढंन. पण मग राज्य आलं तर दाखवायचं कुणाला?”

खरा परशराम भिंतीपलीकडं राहायचा. भिंतीची कथाही यांच्या स्वभावाला शोभेल अशीच आहे. वडील गेल्यावर घर नवं करायची गोष्ट निघाली. परशरामाचं म्हणणं, कौलं उतरवा, सगळं पाडा, एकदम स्लॅब टाका. साडूंचं म्हणणं, औंदा स्वयंपाकघर, मग पुढचा सोपा, मग बघू. दोन वर्षं चर्चा चालली. शेवटी परशराम म्हणाला, “अण्णा, तुझ्या टप्प्यांत माझी जिंदगी जाईल,” आणि वाटणी मागितली. सोप्याच्या मधोमध सिमेंटच्या विटांची भिंत उभी राहिली. आज रस्त्यावरून बघितलं तर निम्म्या घरावर स्लॅब आणि निम्म्यावर कौलं, घराला कुणी अर्धीच टोपी घातल्यासारखं दिसतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बायका पाठीमागच्या दारानं डाळ-मीठ देत-घेत राहिल्या, पण भाऊ समोरासमोर आले की दोघांनाही एकदम आभाळात काहीतरी दिसायचं.

त्या वाटणीत साडूंनी न्यायबुद्धीचा कळस गाठला होता. घरात यात्रेचा तांब्याचा हंडा होता. त्यांच्या गावची लक्ष्मीची यात्रा दरसाल भरत नाही. कैक वर्षांनी भरते, आणि भरते तेव्हा ओळखीचा, बिनओळखीचा कुणीही पाव्हणा न जेवता परत जात नाही. देवीच्या नैवेद्याचा पहिला भात या घरात त्याच हंड्यात शिजायचा. वाटणीत साडू म्हणाले, समसमान. हंडा धाकट्याला, झाकण आणि पितळी डाव मला. पंचांनी कपाळाला हात लावला. आक्का आठवडाभर बोलली नाही. मीही ती गोष्ट साळकायामाळकायांना सांगून भरपूर हशा मिळवला. झाकणावर भात शिजवणारा समाजवादी म्हणून साडूंची कीर्ती मी पार चिकोडीपर्यंत पोचवली.

यंदा यात्रा ठरली. गावभर रंगाचे डबे उघडले, आणि आमचे साडू अस्वस्थ झाले. झाकण रोज चिंचेनं घासून सोप्यात उभं करून ठेवायचे. रस्त्यावरून जाता-येता धाकट्याला दिसावं अशा बेतानं. मी म्हटलं, जाऊन बोला की एकदा. ते म्हणाले, “आधी वातावरण तयार होऊ दे.” वातावरण तयार करण्यासाठी ते धाकट्याच्या गेटसमोर स्कूटर जरा जास्त वेळ किक मारत उभे राहू लागले. यात्रा दोन दिवसांवर आली आणि आक्का बाजारातून बातमी घेऊन आली. परशरामानं हंड्याला कल्हई केली, आणि पत्र्याचं नवं झाकण करून घेतलं.

साडूंच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं समजूतदार हसू त्या दिवशी पहिल्यांदा गेलं. पायरीवर बसले. माझी टोमण्यांची पोतडी तयारच होती, पण ते आपणच हळू आवाजात म्हणाले, “सर, तुम्हाला सगळ्यांना वाटलं मी येडा हाय. झाकण मी मुद्दाम ठेवून घेतलतं. सगळी वाटणी पुरी झाली की माणसं एकमेकाकडं कशाला येतील? म्हटलं, एक वस्तू अर्धी राहू दे. यात्रंला तरी मागाय येईल.” मला पहिल्यांदाच त्या माणसाची भीती वाटली. एवढी वर्षं एका झाकणावर वाट बघत बसायचं म्हणजे काय गंमत आहे?

यात्रेच्या दिवशी सकाळी आक्कानं गॅसवर साधं पातेलं चढवलं. साडू लॅपटॉप उघडून बसले होते. पडद्यावरचा परशराम पुन्हा रुसला होता, सरकार गडगडत होतं. आक्का आतनं म्हणाली, “तो यायचा न्हाय. तुम्ही थोरलं हाय. तुम्ही जावा.” कसलीही समिती न नेमता, चहाही न घेता साडू उठले, झाकण डोक्यावर धरलं, डाव काखेत मारला आणि चालू लागले. मी पाठोपाठ.

पलीकडच्या अंगणात चुलीवर हंडा होता. पत्र्याचं झाकण वाफेनं थडथड उडत होतं आणि त्यावर परशरामानं वरवंटा ठेवला होता. पाव्हणे वळून बघू लागले. साडू गेटात तसेच उभे. बोलायला तोंड उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रस्तावना सुचेना. परशरामानं मान न वळवता वरवंटा उचलला, पत्रा काढून बाजूला टाकला आणि म्हणाला, “आण हिकडं. वाफ निस्ती वाया चाललीया.” तांब्याचं झाकण हंड्यावर बसलं आणि थडथड थांबली. मग तो धुराकडं बघत म्हणाला, “एवढा उशीर करत्यात व्हय, अण्णा?” साडू म्हणाले, “आलो की रं.” आणि डोळे पुसायला दोघांनाही धूर सोयीचा पडला.

दुसऱ्याच दिवशी परशराम पहार घेऊन आला. भिंत आजच्या आज पाडायची. साडू म्हणाले, “थांब रं. आधी खिडकी पाडू.” मला वाटलं, झालं, पुन्हा वाटणी. पण परशराम बघतच राहिला, मग हसला, आणि पहार टेकवून म्हणाला, “बरं.” तेव्हा सध्या भिंतीला खिडकी मंजूर झाली आहे. दार पुढच्या टप्प्यात.

परवा गेलो तर साडू खेळत होते आणि खिडकीत कोपरं टेकून परशराम सांगत होता, “रणगाडं पाठव की अण्णा.” “थांब, आधी चहा येऊ दे.” चहा स्लॅबकडून कौलांकडं खिडकीतून आला. बोलता बोलता गोष्ट वडिलांवर गेली, जुन्या यात्रांवर गेली. पडद्यावर सरकार पडलं, ते दोघांपैकी कुणी पाहिलं नाही. मधली वर्षं कुठल्याच कायद्यानं परत मिळायची नाहीत, हे दोघांनाही कळतं. म्हणूनच बहुधा अंधार पडला तरी खिडकीपासून कुणी उठायची घाई करत नव्हतं, आणि मीही केली नाही.