‘धूपचोर’चे दोन शेवट आणि मालतीबाई

श्रीमती मालतीबाई हर्डीकर यांची आणि माझी ओळख अमीनाबादेतल्या एका कापडाच्या दुकानात झाली. यजमानांच्या बँकेतल्या बदलीमुळे मी अकोल्याहून लखनौला नुकतीच आले होते. शेजारी एक उंच बाई काळ्या कापडाचा तागा उलगडून दुकानाबाहेरच्या उन्हात धरून उभ्या होत्या. “भैया, इसमें से धूप छन रही है. हमको अंधेराच चाहिए,” त्या दुकानदाराला म्हणाल्या. त्या ‘च’वरून मला कळायचं ते कळलं.

“तुम्ही मराठी का?” मी विचारलं.

“हो. वेळ असेल तर याचं दुसरं टोक धरा जरा.”

एका शाळेतल्या मुलांना सिनेमा दाखवायचा होता आणि वर्गात अंधार होत नव्हता, म्हणून ते पडदे. टोक धरलं ते धरलंच. पुढे त्यांच्या माहितीपटांवर मी साहाय्यक म्हणून काम करू लागले. पण त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी चहा पिताना मला समजलं, की ‘धूपचोर’ या बाईंनी केला आहे, आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला.

आमच्या पिढीने सुट्टीत टीव्हीवर हा हिंदी चित्रपट इतक्यांदा पाहिला आहे, की त्यातले संवाद अजून तोंडपाठ आहेत. एका गावातलं ऊन चोरीला जातं. एक लहान मुलगी ते शोधायला निघते. चोर निघते एक म्हातारी; थंडी सोसवत नाही म्हणून तिने सगळं ऊन रजईत भरून ठेवलेलं असतं. मुलगी ती रजई घेऊन परत येते, गाव उजळतं, सगळे नाचतात.

मालतीबाईंनी मात्र हा चित्रपट असा केलाच नव्हता. त्यांचे यजमान हवाई दलात, लखनौजवळच्या बख्शी का तालाबला होते. तिथल्याच शेतांत, पौषाच्या धुक्यात त्यांनी चित्रीकरण केलं. त्यांच्या शेवटात मुलगी ऊन आणत नाही. ती म्हातारीच्या रजईत शिरून तिला बिलगते, आणि गाव अंधारातच राहतं. निर्मात्याला हे पटलं नाही. त्याने बराच भाग कापायला लावला आणि नाचाचा शेवट दुसऱ्या कुणाकडून चित्रित करून जोडला. कापण्याचं काम केलं संकलक जहीरसाहेबांनी. मालतीबाईंनी ती प्रत कधी पाहिली नाही, जहीरसाहेबांशी बोलणं सोडलं, आणि पुन्हा कथापट केला नाही. दोघंही याच शहरात राहत होते.

बाई फार बोलून प्रेम दाखवणाऱ्या नाहीत. माझी आई गेली तेव्हा मी अकोल्याला वेळेत पोचू शकले नाही. दिवस करून लखनौला परतले त्या दिवशी मालतीबाई घरी आल्या. त्यांना सांत्वन करता येईना आणि स्वस्थ बसताही येईना. त्यांनी पिठलंभात केला, भांडी घासली, मग स्टुलावर चढून सगळे पंखे पुसले. जाताना म्हणाल्या, “उद्या येते, खिडक्या राहिल्यात.” आणि खरंच आल्या.

मध्यंतरी मुंबईतल्या एका लॅबच्या गोदामात ‘धूपचोर’च्या कापलेल्या भागाची निगेटिव्ह सापडली. एका संस्थेने मालतीबाईंची मूळ प्रत पुन्हा जुळवून, स्वच्छ करून सिद्ध केली. जिला आता सगळे ‘डायरेक्टर्स कट’ म्हणतात, ती. प्रदर्शनाआधी त्यांची संमती हवी होती. मालतीबाईंनी हट्ट धरला, की आधी आपल्या मराठी मंडळातल्या कुटुंबांना, मुलाबाळांसकट, दाखवू. लखनौच्या चिनहट भागातल्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही जमलो.

धुक्याचं ते सौंदर्य मी आयुष्यात विसरणार नाही. पण मालतीबाई खुर्चीत टिकत नव्हत्या. त्या मुलीची धुक्यातली लांबच लांब चाल पडद्यावर आली तेव्हा त्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तेवढ्यात एका चिमुरडीने आईला विचारलं, “मम्मी, ये कब पहुँचेगी?” लोक दबक्या आवाजात हसले. मालतीबाई हसल्या नाहीत. शेवट झाला, दिवे लागले. मग तीच मुलगी म्हणाली, “तो धूप नहीं आई?”

परतताना रिक्षात त्यांनी मला विचारलं, “खरं सांगा. तुम्हाला कुठला आवडतो?”

“चित्रपट म्हणून तुमचाच मोठा आहे,” मी म्हणाले. “पण लहानपणी मला रडू यायचं ते दुसऱ्यात. मुलगी रजई गुंडाळून दारातून निघते आणि मागे वळून कुडकुडणाऱ्या म्हातारीकडे बघते, तिथे. नंतरच्या नाचात माझं लक्षच लागायचं नाही.”

“असा शॉट मी घेतलेला नाही.”

“आहे, बाई.”

दुसऱ्या दिवशी माझ्या घरी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी ती जुनी, टीव्हीवर लागायची ती प्रत पाहिली. तो शॉट आल्यावर त्यांनी थांबवायला सांगितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हा शॉट नाहीये. कॅमेरा बंद करायचा राहिला होता. पोरगी रजई घेऊनच जेवायला निघाली, आणि म्हातारीचं काम करणाऱ्या बाई अजून थंडीत बसल्यात म्हणून तिने वळून पाहिलं. मी तो रद्द केला होता.” चप्पल घालतच त्या म्हणाल्या, “चला, जहीरसाहेबांकडे.”

जहीरसाहेब अमीनाबादच्या मागच्या गल्लीत राहतात. दार त्यांनीच उघडलं. मालतीबाई आत जाऊन बसल्याही नाहीत.

“वो शॉट मैंने फेंक दिया था,” त्या म्हणाल्या.

“जी. मैंने उठा लिया.”

“बताया क्यों नहीं?”

“आप नाराज़ थीं. और वाजिब नाराज़ थीं, फ़िल्म तो मैंने काटी ही थी.” मग ते म्हणाले, “आपका अंजाम बचा नहीं सकता था. सोचा, बच्ची एक बार मुड़ के देख तो ले.”

मालतीबाई तेव्हा खाली बसल्या. चहा मी केला.

त्यानंतरचे आठवडे कठीण गेले. तो शॉट आपल्या प्रतीत घालायचा, चाल कापायची, असं त्यांच्या मनाने घेतलं. संस्थेचे अधिकारी म्हणाले, तुम्ही तेव्हा केलेली प्रतच आम्ही जपतो आहोत, आज बदलली तर ती तुमची तेव्हाची राहणार नाही. “मग ही फिल्म कुणाची?” त्या मलाच विचारायच्या. “त्या वेळच्या मालतीची की माझी?” कधी संमती द्यायच्या, कधी फोन करून मागे घ्यायच्या. शेवटी जहीरसाहेबच त्या वेळच्या मालतीबद्दल म्हणाले, “उस लड़की को अपनी ज़िद रखने दीजिए. आपने बड़ी क़ीमत दी है उसकी.”

त्यांनी आपली प्रत हात न लावता सोडली. मात्र अट घातली: जुनी प्रतही तितक्याच निगुतीने स्वच्छ करायची, दोन्ही एकत्र दाखवायच्या, आणि जुन्या प्रतीवर जहीरसाहेबांचं नाव ठळक घालायचं. संस्थेने खळखळ केली. बाई हटल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात दोन्ही प्रती एकाच दिवशी दाखवल्या गेल्या, आणि शेजारी बसलेल्या त्या दोघांना मी जुन्या प्रतीतल्या नाचावर एकत्र कुरकुरताना ऐकलं.

ज्या शेवटासाठी माणूस अर्धं आयुष्य रुसून बसलं, तोच हाती आल्यावर त्याच्याकडे संशयाने बघायचं धैर्य मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. या वयात आपल्या मताची कदर होते, ते तपासायला कुणी सांगत नाही. मालतीबाई ते आपणहून तपासतात, आणि त्यात त्यांची झोप जाते.

अमृतमहोत्सवानिमित्त त्यांना शांत, समाधानी आयुष्य चिंतावं अशी रीत आहे. ते मी चिंतत नाही, कारण त्या घेणार नाहीत. परवाच कळलं, त्यांनी नवी पटकथा लिहायला घेतली आहे आणि जहीरसाहेबांशी पहिल्याच प्रवेशावरून त्यांचं वाजलं आहे. त्यांचे गुडघे धड राहोत, डोळे स्वच्छ राहोत, जहीरसाहेबांना वाद घालायची ताकद राहो. आणि मालतीबाईंना उदंड आयुष्य लाभो, निदान ही फिल्म त्यांच्या मनासारखी होईपर्यंत. म्हणजे ते बरंच लांब असणार, याची आम्हा सगळ्यांना खात्री आहे.