दाजींचा पाइप मी स्वच्छ केला

कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी दारांकडे जाते. बिजागरी कुरकुरत असेल, कडी नीट बसत नसेल, तर चहा येईपर्यंत मला दम निघत नाही. बायको विचारते, "तुम्ही पाहुणे म्हणून आलात का मिस्त्री म्हणून?" तीस वर्षं मी आयटीआयमध्ये पोरांना सुतारकाम शिकवलं. सांध्यात कागदाएवढी फट दिसली तरी काम तोंडावर फेकायचो. चांगली दांडगी पोरं माझ्यापुढे रडलेली आहेत. वस्तू हातात आली की ती सुधारल्याशिवाय सोडायची नाही, ही माझी खोड, आणि तिचा मला गर्व होता.

निवृत्त झाल्यावर जालन्यात घरामागे पत्र्याची एक खोली काढली. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर लावून लाकूड कातायचा लहानसा लेथ केला. तिथं मी लाकडाचे तंबाखूचे पाइप करतो. लोक हसतात. आमच्याकडे तंबाखू म्हणजे चुना लावून तळहातावर मळायची गोष्ट, पाइप सिनेमातले वकील ओढतात. माझे पाइप पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांकडे कुरिअरने जातात. मी स्वतः जन्मात विडीला हात लावला नव्हता. मला गोडी होती ती लाकडाची आणि भोकाची. दांडीकडून पाडलेलं बारीक भोक तंबाखू भरायच्या वाटीच्या बरोबर तळाशी निघालं पाहिजे. केसभर वर गेलं की सगळी मेहनत चुलीत.

माझा पहिला पाइप दाजींसाठी होता. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या बाजूला त्यांची मोसंबीची बाग. एका उन्हाळ्यात विहीर आटली आणि निम्मी झाडं वाळली. ती उपटल्यावर दाजींनी दोन जाड बुंधे माझ्याकडे आणून टाकले. "चुलीत घालावं वाटंना," म्हणाले. "तुला काही करता आलं तर बघ." मोसंबीचं लाकूड पिवळसर, घट्ट आणि बारीक रेषेचं असतं. दीड वर्ष सावलीत वाळवून मी त्यातून एक पाइप काढला. दांडीचं टोक, म्हणजे तोंडात धरायचा भाग, काळ्या एबोनाइटचा केला. फाउंटन पेनं ज्याची करतात, तेच.

दाजी तोवर विड्या ओढायचे. पाइप बघून ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "आता मला साहेब म्हणायचं बरं का." पण त्या दिवसापासून विडी सुटली आणि हाच तोंडात राहिला. उजव्या दाढा पडलेल्या, म्हणून डाव्या बाजूनं धरायचे. तंबाखू सुकू नये म्हणून स्टीलच्या डब्यात मोसंबीची साल टाकायचे. त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसलं की त्या दोन्हींचा मिळून एक वास सदऱ्यातून यायचा. सात-आठ वर्षं तो पाइप त्यांच्या खिशात होता.

मग एका सकाळी बागेला पाणी देताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

मला बोलून सांत्वन करता येत नाही. तेराव्यापर्यंत मी आक्काच्या घरी होतो आणि त्या दिवसांत मी काय केलं, तर मंडपाच्या खुर्च्या नीट लावल्या, मोरीचा नळ बदलला आणि देवळीचं दार घासून बसवलं. लहानपणी मला कडेवर घेऊन हिंडलेली बहीण, आणि तिला म्हणायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

दोनेक महिन्यांनी ती डोळे तपासायला चार-पाच दिवसांसाठी जालन्याला आली. पिशवीतून रुमालात गुंडाळलेला पाइप काढला.

"दांडी हालून राह्यली रे. तेवढी बराबर बसव."

मी नीट ऐकलं. तिला काय हवंय हे मला पुरतं समजलं होतं. माझं काम दहा मिनिटांचं होतं.

पण खोलीत नेऊन उजेडात धरला तेव्हा माझ्याच्यानं तो बघवेना. वाटीत काजळीचा जाड थर बसलेला. काठ जळून काळा. एबोनाइटचं टोक हिरवट पडलेलं आणि त्यावर दातांचे खोल खड्डे. माझ्या हातची वस्तू, आणि ही दशा! त्यात भर म्हणजे मला आनंद झाला. खरंच झाला. इतके दिवस आक्कासाठी काय करावं ते सुचत नव्हतं, आता हातात काम आलं होतं. बोलता येत नाही ते हातानं सांगू, असं वाटलं.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. काजळी खरवडून लाकूड उघडं केलं. वाटीत मीठ भरून त्यावर स्पिरिट ओतलं. असं ठेवलं की लाकडात मुरलेला जुना वास मिठात उतरतो. पहिलं मीठ चहासारखं तपकिरी झालं, ते मोरीत ओतलं. दुसरं फिकं निघालं, तेही ओतलं. तिसरं पांढरंच राहिलं तेव्हा मला समाधान वाटलं. काठ घासला. दातांचे खड्डे कानशीनं काढले, पॉलिश पेपर फिरवला. दांडी तर बसवलीच. शेवटी मेण लावून कापडानं इतका घासला की त्यात खिडकी दिसायला लागली. वर्गात असतो तर दहापैकी दहा दिले असते, आणि दहापैकी दहा मी कुणाला दिले नव्हते.

आक्का सोफ्यावर बसली होती. मी पाइप तिच्या हातात दिला आणि शाबासकीची वाट बघत पुढ्यात उभा राहिलो. तिनं तो उलटा-सुलटा करून पाहिला. नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग अंगठा दांडीच्या टोकावरून फिरवला, एकदा वरून, एकदा खालून.

"लई चांगला केलास," ती म्हणाली. "अगदी नवा."

रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि पाणी प्यायला आत गेली. मी खुशीत होतो. तिला बसस्टँडवर सोडून आलो तर बायको दारातच उभी.

"तुम्हाला तो धुवायला कुणी सांगितलं होतं?"

मग तिनं सांगितलं. आक्का ओट्याला धरून रडली होती. दाजी गेल्यापासून ती रोज दिवेलागणीला तो पाइप तोंडात धरायची. रिकामाच. त्यांच्या दातांच्या खड्ड्यांत आपले दात ठेवून घटकाभर बसायची. म्हणून दांडी ढिली झाली होती. घरात सुनेलासुद्धा ठाऊक नव्हतं. "माझ्या भावाला सांगू नको," असं ती बायकोला म्हणाली होती. "त्याला वाईट वाटंल."

मी मागच्या खोलीत गेलो. काजळी खरवडली होती तो कागद शोधला. बाकाखाली हात घातला. पण मी काम संपलं की जागा झाडून काढणारा माणूस. भुसा, काजळी, सगळं दोन दिवसांपूर्वी घंटागाडीत गेलं होतं, मीठ मोरीतून गेलं होतं. बहिणीजवळ नवऱ्याचं म्हणून जे काही उरलं होतं, ते मी घासून, पुसून, चकाकी आणून संपवलं होतं. त्या दिवशी मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या तशा कुठल्याच पोराला कधी दिल्या नव्हत्या.

गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी बसतोय कसला. बिघडलं ना, मग दुरुस्त करू.

टेंभुर्णीला गेलो. "दांडीत एक बारीक चूक राहिली," अशी थाप मारून पाइप परत आणला. येताना दाजींच्या नेहमीच्या दुकानातून त्यांचीच तंबाखू घेतली, त्यांच्यासारख्याच स्टीलच्या डब्यात मोसंबीची साल टाकली आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ओढायला शिकलो. पहिल्या दिवशी ओकारी झाली. दुसऱ्या दिवशी खोकून खोकून बरगड्या दुखल्या. बायको म्हणाली, "आता हेच राहिलं होतं." पण तिनं थांबवलं नाही. टोकावर माझे दात उमटू नयेत म्हणून मी कापडाची पट्टी गुंडाळायचो. दाजींचे दात करता येणार नाहीत एवढी अक्कल होती. वास तरी आणू, असं ठरवलं होतं. रोज तीनदा ओढायचो, गार झाला की हुंगायचो आणि मोटारसायकलवरचा तो सदरा आठवायचो. महिन्याभरानं एका दुपारी वास जुळला. निदान मला तसं वाटलं.

तसाच उठून टेंभुर्णीला गेलो. आक्काला म्हणालो, "लाकडात खोल राहिला होता वास. जरा शेकलं, तर वर आला."

तिनं डोळे मिटून खूप वेळ हुंगला. "हां," म्हणाली. "हाच व्हता." डोळे पुसले, आत जाऊन माझ्यासाठी गरम भाकरी टाकली. मी तीन खाल्ल्या. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं लावून मी लहान पोरासारखा रडलो. सुटलो, असं वाटलं.

पुढं वर्षश्राद्ध आलं. आक्काच्या ओसरीत दाजींचा फोटो मांडला होता. त्यांना आवडायच्या त्या वस्तू भाचा एकेक करून पुढं ठेवत होता. चष्मा, टोपी, तंबाखूचा डबा. मग त्यानं पाइप आणला आणि डब्याशेजारी ठेवायला वाकला.

"तो राहू दे," आक्का म्हणाली. "तो मामाचा हाय."

भाचा हसला. "मामांनी केला, पर व्हता तर बाबांचाच न्हाई का?"

आक्कानं पाइप त्याच्या हातून घेतला आणि पदराखाली धरून मागच्या दारी गेली. मी पाठोपाठ गेलो. ती पायरीवर बसली होती, मी खालच्या पायरीवर बसलो.

"तू ओढून आणलास, ते मला तवाच कळालं व्हतं," ती म्हणाली. "तुझ्या अंगाला बी त्योच वास येऊन राह्यलता."

"मंग तवा बोलली का न्हाईस?"

"तू किती खुशीत आल्तास. काय बोलू?"

तिचा आवाज अगदी साधा होता. रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"रोज हुंगला रे मी. म्हणलं, त्यांचा न्हाई तर न्हाई, त्यांच्याजवळचा तर हाय. तू धुतलास तवा पाइपाला वास नव्हता, पर डोळे मिटले की माझ्यात व्हता. आता डोळे मिटले की तुझाच येतो. त्यांचा येगळा व्हता, एवढं ठावं हाय. कसा व्हता, ते घावंना झालंय."

मी तोंड फिरवलं. पहिल्यांदा मी तिचं धुऊन टाकलं ते न कळून. पण तिच्या मनात जे शिल्लक होतं, जे मोरीत जाण्यासारखं नव्हतं, ते दुसऱ्यांदा मी महिनाभर खपून पुसलं. माझ्या बहिणीला तिचा नवरा आता आठवतो तो माझ्या वासाचा. यावर काही इलाज असता तर मी आजही रात्रंदिवस बसलो असतो. इलाज नाही. तिला मी एवढंच म्हणालो, "आक्का, माझं चुकलं." साठ वर्षांत हे शब्द मी तिला प्रथमच म्हटले असतील.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, केस विसकटले. मग पाइप माझ्या सदऱ्याच्या खिशात घातला.

"घरी घेऊन जा," म्हणाली. "आन् ओढू नको बाबा. चल, पान वाढलंय, जेवून घे."