नाव कोरलेला टोप

वरंध घाट उतरून एसटी महाडच्या वाटेला लागली आणि मला घाम फुटला. अर्धा उकाड्याचा, अर्धा संपादकांच्या धाकाचा. "पुरावा आण, नाहीतर हा विषय बंद," असं त्यांनी निघताना सुनावलं होतं. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत एका उमेदवाराने गावोगाव भांडी वाटली, ही बातमी मी कधीची उराशी धरून बसले होते. कानात सांगणारे पुष्कळ, पण नावानिशी बोलायला कुणी तयार नव्हतं.

महाडहून पोलादपूर गाठलं. उमेदवारांचे निवडणूक खर्चाचे हिशेब इथल्या कचेरीत कुणालाही बघता येतात, फी भरली की नक्कलही मिळते. कारकुनाने गठ्ठा पुढ्यात ठेवला आणि कुतूहलाने विचारलं, "मॅडम, हे कोण वाचतं हो?"

"मी!"

सगळं वाचलं. जीपभाडं, भोंगे, चहा, वडापाव. भांड्यांचा पत्ता नाही. शेवटी महाडच्या एका भांडीवाल्याची 'नाव कोरणे' अशी किरकोळ पावती होती. कार्यकर्त्यांच्या बिल्ल्यांची असेल, म्हणून मी पान उलटलं. नक्कल पिशवीत टाकून हिरमुसून बाहेर पडले. आता कुठल्या तोंडाने पुण्याला जायचं?

आलेच आहे तर एखादं गाव बघावं, म्हणून कशेडीच्या बाजूच्या एका वाडीकडे निघाले. रिक्षावाल्याने भलत्याच फाट्यावर उतरवलं. चढण चढून देवळापाशी पोचले तेव्हा माझा अवतार बघून एक काकी कळवळल्या.

"बस गो आधी. आज पूजा हाय, जेवूनच जा."

पंगतीत जागा मिळाली. वाफाळता भात, वालाचं बिरडं, खीर. पोटात कावळे ओरडत होते, मी तुटून पडले. वाढपी परत भात घेऊन पुढ्यात वाकला आणि घास माझ्या हातातच राहिला. टोपाच्या काठावर त्याच उमेदवाराचं पूर्ण नाव कोरलेलं, पुढे 'ग्रामस्थांस सप्रेम भेट', आणि तारीख. मतदानाच्या आठवड्यातली!

शेजारी गावकीचे (गावाच्या सामाईक कारभाराचे) अध्यक्ष तात्या जेवत होते. मी पेपरवाली आहे, असं सांगून त्यांना टोपाबद्दल विचारलं.

"कोराच आनलेला त्यांनी," तात्या म्हणाले. "आमी घेतला नाय. बिननावाचं भांडं गावकीत ठेवायची पद्धत नाय आमच्यात. मागून भांडनं होतात, ह्यो कुनाचा नि त्यो कुनाचा. मग त्यांचीच मानसं महाडला घेऊन गेली नि नाव घालून आनला."

मी डाव्या हाताने पिशवी ओढली. तीच पावती! टोप हिशेबातून गायब केला होता आणि त्यावरच्या कोरकामाचे पैसे मात्र इमानेइतबारे दाखवले होते. मला हसू आवरेना.

"तात्या, हे तुमच्या नावानिशी छापू?"

काकी तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तात्यांनी सावकाश ताक संपवलं.

"छापा. टोपावर त्याचं नाव हाय, मग पेपरात माजं असलं तर काय झालं?"

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर महाडजवळच्या सव गावी थांबले. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात दुखरे पाय सोडून संपादकांना टोपाचा फोटो आणि पावती धाडली. लगेच फोन आला, "पहिलं पान!" मी आनंदाने अशी किंचाळले की शेजारच्या आजोबांना मला पाण्याचा चटका बसला असं वाटलं.

कागदपत्रांवर माझा भरवसा पहिल्यापासूनच होता. पण कागद कचेरीत बसून बोलत नाही, त्याला वाडीवर न्यावं लागतं, पंगतीला बसवावं लागतं, हे मला त्या भाताने शिकवलं. बातमी आली, उमेदवाराला नोटीस गेली. आपण असं भांडं कुणाला दिलंच नाही, असं त्याने कळवलं. मग एका सकाळी तात्यांचा फोन आला.

"ताई, सुनावनीला बोलावलंय, टोप घेऊन. सगळी वाडीच येतेय." मागून काकींचा हसण्याचा आवाज आला. "ही विचारते, येवढी मानसं जातायत, तर भात शिजवूनच आनू काय त्यात?"