मेमसाबची तपासणी

"पूस ते."

"पुसणार नाही. पूजेचं आहे."

"अगं इंदू, जे कारखान्यातून आलं नाही ते गाडीवर नको. परीक्षक येतोय. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक बघितलं की संपलं."

"नव्या गाडीवर काढतातच स्वस्तिक."

"नवी? माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे फक्त."

"आपल्या दारात नवीच की. उद्या तुमच्या मेमसाबला दृष्ट लागली तर मला बोलायचं नाही."

रिटायर्ड सुभेदार हणमंत निकम फडकं पुढे धरून उभे होते. इंदुमतीबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते, म्हणजे फडकं घ्यायचा प्रश्नच नको. दोघांच्या मध्ये मेमसाब. पॉन्टियाक जीटीओ, अमेरिकेची, लालभडक, स्टिअरिंग डावीकडे. लांबी एवढी की नाक पोर्चमध्ये आणि शेपूट फरीदाबादच्या गल्लीत.

हणमंतरावांनी सगळी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढली. पठाणकोट, जोधपूर, दिल्ली कँट, कुठेही गेले तरी ट्रकच्या पोटाखाली. लग्नानंतर बरेच दिवस मला ह्यांचे फक्त बूट ओळखू यायचे, असं इंदुमतीबाई सांगत. रिटायर झाल्यावर साताऱ्याला जायचं ठरलं होतं, सामानही बांधलं होतं. तेवढ्यात एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये ही दिसली. वकिलातीतला कुणी साहेब मागे टाकून गेलेला, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. मालक म्हणाला, "ले जाओ, मुर्गी भी ले जाओ." कोंबडी चार दिवसांत पळाली. गाडी राहिली, आणि सातारा राहून गेला.

कँटमध्ये मोठ्या साहेबांच्या बायकांना मेमसाब म्हणत. त्यांच्यासाठी दार उघडायचं, त्यांना ऊन लागू द्यायचं नाही. इंदुमतीबाईंसाठी असं कुणी काही केलं नव्हतं. आता नवरा पहाटे उठून गाडीवर चादर घालायला लागला, तेव्हा हे नाव त्यांनीच ठेवलं. तरी सीटचं काळं रेक्झिन त्यांनीच मशीनवर शिवलं होतं, सुया मोडत, नवऱ्याचा उद्धार करत.

रविवारी दिल्लीत जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. परीक्षकाने गाडी अस्सल ठरवली तरच प्रवेश. बक्षिसाचं हणमंतरावांना काही नव्हतं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून गेटपर्यंत सोडल्या होत्या. एकदा स्वतःची गाडी, शेजारी बायको, आणि गेटच्या बाहेर. एवढंच.

परीक्षक विक्रांत हातात टॉर्च घेऊन आला. पोरगेलासा, पण नजर कस्टमवाल्याची. तो आधी बॉनेटपाशीच थांबला. हणमंतरावांनी फडकं पुढे केलं.

"पूजा की है? अच्छा किया, आंटी. धुल जाएगा."

इंदुमतीबाईंनी नुसतं नवऱ्याकडे बघितलं, सावकाश, पोटभर.

विक्रांत चाकांकडे वळला. "अंकल, ये क्या लिखा है?"

चारही चाकांच्या वर, पांढऱ्या रंगात, स्टेन्सिलने छापलेलं होतं: टीपी २८.

"टायर प्रेशर."

"हां, पर लिखा क्यों है?"

हणमंतरावांना प्रश्नच कळला नाही. "सब पे लिखते हैं."

"किस पे?"

"गाड़ी पे."

"होता है, भैया," इंदुमतीबाई मदतीला आल्या. "हमने तो जिंदगीभर देखा है."

"आंटी, वो फौज की गाड़ियों पे होता है. सिर्फ फौज की."

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. हा पोरगा दिल्लीचा, ह्याला काय माहीत, असं दोघांच्याही चेहऱ्यावर होतं.

विक्रांत तोवर गाडीखाली शिरला होता. मागच्या चाकांच्या मधला लोखंडी गोळा चुन्यासारखा पांढरा रंगवलेला. "और ये?"

"रात को कॉन्व्हॉय में पीछेवाले को दिखना चाहिए ना."

गाडीखालून आवाज आला, "अंकल, आपके पीछे कौन आ रहा है?"

हणमंतरावांनी खरंच मागे वळून बघितलं. भाजीवाला ठेला घेऊन ताटकळला होता, मेमसाबची शेपूट आडवी आलेली.

विक्रांत कपडे झटकत उठला. "ये दोनों हटा दीजिए, गाड़ी ओरिजिनल. मैं आज ही पास करता हूँ. नहीं तो संडे भूल जाइए." आणि तो चहाला आत जाऊन बसला.

इंदुमतीबाईंनी पदराखालचे हात बाहेर काढले. कोनाड्यातली थिनरची बाटली आणून बॉनेटवर, स्वस्तिकाच्या शेजारी, हळूच ठेवली.

"जे कारखान्यातून आलं नाही ते गाडीवर नको. कोण म्हणत होतं?"

हणमंतराव फडक्याची घडी घालत होते. पुन्हा उलगडत होते.

"अहो, मला रविवारची साडी इस्त्रीला टाकायची आहे. पुसताय ना?"

हणमंतरावांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि ते गेटमधून बाहेर पडले. शेजाऱ्याची पांढरी गाडी उभी होती. ते वाकले, टीपी शोधत चाकाच्या वरच्या पत्र्यावरून बोट फिरवलं. काही नव्हतं. त्याच्या पुढच्या गाडीपाशी वाकले. मग त्याच्या पुढच्या. असे एकेका चाकाशी वाकत ते गल्लीच्या टोकाला वळून दिसेनासे झाले.