शेंदराखालची घोडेस्वार

मध्ययुगात बायकाही लढल्या, हे मी वर्गात घसा फोडून सांगायची; पुराव्याचा एकही दगड नसल्याने सहकारी हसायचे. मग बिद्रीकडच्या माळावर शेंदराने माखलेला, मिशा लावलेला घोडेस्वार देव भेटला. त्याची कंबर मला बाईची वाटली.

शेंदूर काढू का, म्हणून तिथं पूजा करणाऱ्या गुरवीणबाईंनी कौल लावला. देवाच्या उजव्या खांद्यावरचं फूल पडलं तर होकार. फूल पडेना. अखेर पडलं. तेलाने पुटं सोडवली, तर आधी बांगड्या निघाल्या, मग अंबाडा. मी माळावरच फुगडीसाठी हात पुढे केले.

गुरवीणबाई गंभीर. "बाई व्हय? आन् आम्ही धोतर नेसवतोय की."

मी हात मागे घेतले.

"आता लुगडं तुम्हीच आणायचं, राजारामपुरीच्या बाजारातनं. भारीतलं बघा, घोड्यावर बसतीया ती."